सांभाळायला दिलेलं झाड

आमच्याकडचं झाड पहिल्यांदा हातात घेणारी माणसं बहुधा एकच प्रश्न विचारतात, "बाकीचं कुठंय?" भाईंदरहून आलेल्या एक बाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "इतना सा? ये तो सॅम्पल होगा, असली अंदर रखा होगा." मी आतून काही घेऊन येईन म्हणून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. आत काही नव्हतं. जे होतं ते त्यांच्या हातात होतं. तळहाताएवढा आंब्याच्या लाकडाचा तुकडा, त्यावर एकावर एक बसलेली, बोटाच्या पेराएवढी सहा-सात जाड पानं, आणि लाकडाला धरून चहूकडे गेलेली मुळं. मुळं झाडापेक्षा लांब. फुलं येतात ती ज्वारीच्या दाण्याएवढी, घोसानं. भिंग लावल्याशिवाय त्यांचा आकार कळत नाही आणि नाक अगदी जवळ नेल्याशिवाय वास येत नाही.

मीरा रोडला, हाटकेशच्या एका औद्योगिक वसाहतीच्या गच्चीवर, हिरव्या जाळीखाली, अठरा वर्षं मी अशी झाडं वाढवते आणि सांभाळते आहे. सांगण्यासारखं त्यात बरंच आहे. पण लिहायला बसले की एकच झाड समोर येतं. ते माझं नव्हतं. विश्वासानं माझ्याकडे ठेवलेलं होतं. माझ्या हातून ते गेलं आणि त्याच्या मालकाला मी तसं सांगितलं नाही. ते कसं झालं हे एकदा सरळ लिहून काढावं, एवढ्यासाठी हा लेख.

माझा नवरा अरुण याचं त्याच वसाहतीत तळमजल्यावर छोटं युनिट होतं. कानस, पटाशी, हातोडी यांना लागतात त्या लाकडी मुठी तो बनवायचा. मी मुंबईतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. त्याच्याकडे उरलेले लाकडाचे तुकडे होते आणि माझ्याकडे वाचून झालेली पुस्तकं. एवढ्यावर आम्ही गच्ची भाड्यानं घेतली. लोक आम्हाला वेडे म्हणाले. अरुण म्हणाला, "वेडे नाही, हौशी. वेड्यांना भाडं भरावं लागत नाही."

आमचं मुख्य झाड शोनॉर्किस, ऑर्किडची एक बुटकी जात. नाव मोठं, झाड बोटभर. ईशान्येकडच्या आणि ब्रह्मदेशाच्या उष्ण, दमट रानांत ते फांद्यांवर राहतं. मातीशी त्याचा संबंध नाही. लोकांना वाटतं बांडगूळ आहे, पण ते ज्या फांदीवर राहतं तिचं काहीच खात नाही. हवेतली ओल, पावसाचं पाणी आणि त्याबरोबर वाहून येणारा कणभर पाचोळा एवढ्यावर त्याचं भागतं. भाडेकरू आहे, पण घरमालकाच्या डब्यात हात घालणारा नाही.

झाड लाकडावर बांधायचं काम अरुणचं. चिमूटभर शेवाळ, त्यावर झाड आणि वरून तंगूस, म्हणजे मासे धरायच्या गरीला असते ती नायलॉनची दोरी. तंगूस आणून द्यायच्या फिलोमावशी. त्या उत्तनजवळच्या चौक गावच्या. घरची होडी विकल्यापासून सकाळच्या बसनं येऊन आमच्याकडे काम करत. अरुणचं बांधणं बघून पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "फास न्हाय मारायचा रे बाबा, गाठ मार. फास आवळत जातो, मुळाचा जीव जाईल." तेव्हापासून आमच्या झाडांना कोळ्यांची गाठ असते.

राहिलं पाणी. हा सगळा धंदा पाण्याचा आहे. कोरडं मूळ चांदीसारखं पांढरं दिसतं, पाणी प्यायलं की दोन मिनिटांत हिरवं होतं. पांढरं दिसलं म्हणजे झाड तहानेनं मरतंय असं नवख्या माणसाला वाटतं आणि तो दिवसातून चार वेळा फवारतो. मूळ रोज काही तास पांढरं व्हायलाच हवं. सकाळी भिजावं, दुपारपर्यंत वाळावं. पानांच्या बेचक्यात, जिथून नवं पान निघतं, तिथे पाणी साचून राहिलं तर तो कोंब कुजतो. या झाडाला कोंब एकच. तो गेला की झाड गेलं, मग बाजूनं फूट येण्याची वाट बघण्यात फारसा अर्थ नसतो.

पाणी कुठलं, हाही प्रश्न असतो. टँकरच्या पाण्यातले क्षार मुळांवर पांढरी साय धरतात. हे मी एका बाईंना समजावून सांगितलं आणि फिल्टरचं पाणी द्या म्हणाले. महिन्याभरानं त्या झाड घेऊन आल्या, मुळं जळालेली. "अहो, फिल्टरचंच घालतेय," त्या म्हणाल्या. चौकशी केल्यावर कळलं, फिल्टरच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी मोरीत जातं ते त्या बादलीत धरत होत्या. सगळे क्षार नेमके त्याच पाण्यात उतरलेले असतात. "पाणी फुकट कशाला घालवायचं? आम्ही लादी त्यानंच पुसतो," त्या म्हणाल्या. मीरा रोडच्या माणसाला पाणी फेकून दे म्हणणं म्हणजे अन्न फेकून दे म्हणण्यासारखं आहे. त्या बाईंना मी दोष देऊ शकले नाही.

कदमकाकांना मात्र पाण्याचं काही शिकवावं लागलं नाही. ते मुंबईत पाणी खात्यात चावीवाले होते. कुठल्या गल्लीला कुठल्या वेळी पाणी सोडायचं त्याच्या रस्त्याखालच्या चाव्या फिरवणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर काका आणि शैलाकाकू मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कला राहायला आले. मुलगा परदेशात. शोनॉर्किस काकूंनी घेतलं होतं, त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, स्वतःच स्वतःसाठी. अरुणनं एकाच फळीचे दोन तुकडे करून दोन झाडं बांधली होती. एक काकूंनी निवडलं, दुसरं आम्ही ठेवलं. काकूंनी देवघरातल्या जुन्या टांगत्या दिव्याची पितळी साखळी काढून त्यावर ते खिडकीच्या ग्रीलमध्ये टांगलं. काका म्हणाले होते, "तीस वर्षं अख्ख्या वॉर्डाला पाणी सोडलं, वहिनी. आता या टिकलीएवढ्याला सोडतो. तक्रार मात्र वॉर्डाएवढीच करतं."

काकूंचं झाड गुलाबी फुलायचं, जांभळ्याकडे झुकणारं. आमचं जवळजवळ पांढरं. बियांपासून वाढवलेल्या भावंडांत असा फरक पडतो. फूल नसताना दोघांत काही फरक सांगता येत नसे.

काकू कोरोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी हॉस्पिटलात वारल्या. झाड त्या आठवड्यात फुललं होतं. काकांनी रोजच्या वेळेला पाणी घालणं चालू ठेवलं. मी दर महिन्याला झाड बघायला जायचे तेव्हा त्यांची खुर्ची खिडकीकडे वळलेली असायची. झाडाशी बोलणाऱ्यांतले ते नव्हते. पण पेपर मोठ्यानं वाचत. पूर्वी काकू निवडणं-टिपणं करायच्या आणि ते वाचून दाखवायचे, तसाच.

वर्षश्राद्धासाठी ते संगमेश्वरकडे गावी जायला निघाले तेव्हा मे महिना होता. महिनाभर राहणार होते. आमच्याकडे सुट्टीला जाणारी माणसं झाडं ठेवून जातात. अरुण त्याला पाळणाघर म्हणायचा. काकांनी झाड जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून रिक्षानं आणलं.

"खिडकीतलं ऊन लागलंय," मी म्हणाले. पानं सुरकुतली होती.

"मलाही लागलंय. पण मी गावाला जातोय, ते तुमच्याकडे राहतंय. त्याची सोय बरी झाली." मग जाताना परत वळून म्हणाले, "वहिनी, दुसरं काही मागत नाही. एवढं सांभाळा. आता घरात तिचं म्हणून हलणारं-वाढणारं एवढंच आहे."

सुकलेल्या झाडाला आम्ही ऊन चढायच्या वेळात काचेच्या पालथ्या बरणीखाली ठेवतो. लोणच्याची मोठी बरणी असते ती. आत ओल धरून राहते आणि पानं तरारतात. पण हे तास-दीड तासाचं काम. त्यापुढे आत वाफ धरते आणि वाराच नसल्यानं कोंब कुजतो. काकांचं झाड आल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी मी ते बरणीखाली ठेवलं. अकराला काढायचं होतं. दहाच्या सुमारास खालून कुणीतरी हाक मारली. अरुण लेथजवळ खाली बसला होता. मी पोचले तेव्हा तो म्हणाला, "मशीन बंद कर." मशीन आधीच कुणीतरी बंद केलं होतं. दुपारी हॉस्पिटलात तो गेला.

रात्र पडायच्या आत घर माणसांनी भरलं. फिलोमावशींचा फोन आला. त्या रडत होत्या. रडत रडतच म्हणाल्या, "ताई, झाडांचं काय करू?"

मी म्हणाले, "सगळं आहे तसंच ठेवा. फक्त पाणी घाला."

हे वाक्य माझं आहे. माझ्या बरोबर लक्षात आहे.

मग दहा दिवस सुतक आणि पुढचे विधी. मी विज्ञान शिकलेली बाई. सुतक मी मानत नाही आणि तसं कॉलेजात मोठ्यानं बोललेही आहे. हाटकेश आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. मी गेले असते तर कुणी अडवलं नसतं, फार तर नणंदेनं तोंड वाकडं केलं असतं. पण मी बसून राहिले. लोक येत होते, चहा होत होता, कुणी माझ्यासाठी भात कालवत होतं. मला कुठे जायचं नव्हतं आणि सुतकानं मला न जाण्याची परवानगी दिली होती. जे मी मानत नव्हते त्याच्या आडोशाला मी बसले. बरणीची आठवण मला त्या सगळ्या दिवसांत एकदाही झाली नाही.

चौदाव्या दिवशी गच्चीवर गेले. फिलोमावशींनी सगळं झाडून-पुसून ठेवलं होतं. बरणी जिथे होती तिथेच होती. आतून धुरकट.

"बघ ताई," मावशी म्हणाल्या, "तू सांगितलंस तसंच ठेवलंय. बरणी उघडायची, फुस्स करायचं, परत बंद. एक दिवस न्हाय चुकवला."

मी बरणी उचलली. पानं अजून हिरवी दिसत होती, पण काचेसारखी झाली होती, आरपार उजेड दिसेल अशी. वरच्या पानाला बोट लावलं तर ते बोटाबरोबर आलं. मग दुसरं आलं. कोंब काळा पडला होता.

मावशींना मी काही बोलले नाही. त्यांनी दिलेला शब्द पाळला होता. "चांगलं ठेवलंत," एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी कदमकाका भेटायला घरी आले. अरुणचं कळल्यावर गावचा मुक्काम आवरून सकाळीच उतरले होते. अरुणच्या फोटोसमोर उभे राहिले, मग खुर्चीच्या कडेला बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "झाडाची घाई नाही, वहिनी. तुम्ही बऱ्या झालात की नेईन. ते आहे म्हणून सकाळचं उठायला होतं. पण राहू दे अजून चार दिवस."

तेव्हा सांगायला हवं होतं. समोर बसले होते. माझ्या तोंडात शब्द होते, पण त्या पंधरवड्यात आणखी एक मरण तोंडानं सांगायची ताकद माझ्यात नव्हती. हे कारण म्हणून लिहीत नाही. झालं ते लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मावशी यायच्या आधी, मी काकांच्या झाडाची पितळी साखळी सोडवली आणि आमच्या झाडाला लावली. तेच लाकूड, त्याच हाताची गाठ, जवळजवळ तेवढीच पानं. कुजलेलं झाड लाकडासकट ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बुरशी लागलेलं लाकूड ठेवायचं नसतं, बाकीच्यांना लागते. धंद्याचा नियम म्हणून ते बरोबरच होतं.

काका घ्यायला आले, झाड उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेलं. "एक पान कमी आहे."

"गळालं एक," मी म्हणाले.

"असू दे. परगावी राहून आलं की माणूसही बारीक होतो."

मला वाटलं होतं, विषय संपला. अरुणनं बांधलेलं आमचं झाड मी देऊन टाकलं होतं, म्हणजे काहीतरी किंमत मोजलीच होती, असं मी मनाशी धरून चालले. पण खोटं बोलून ते तिथे सोडून येता येत नाही, हे मला दर महिन्याला कळत गेलं. सिल्व्हर पार्कच्या त्या खोलीत मी जायचे, काका चहा ठेवायचे, मी भिंगानं मुळं बघायचे. "तिची वाढ बरी आहे का?" ते विचारायचे. झाडाला ते 'ती' म्हणू लागले होते, आधी 'ते' म्हणायचे. मी म्हणायचे, बरी आहे. आणि खरंच बरी होती. अरुणचं झाड काकांच्या हाताखाली माझ्यापेक्षा चांगलं वाढलं. नवी तीन मुळं लाकडाला वळसा घालून मागे गेली होती.

वाढ बरी झाली म्हणजे ते फुलणार, हे मला माहीत होतं. फुललं की रंग दिसणार.

चैत्रात फोन आला. "वहिनी, कळ्या. तेरा मोजल्या. चष्मा लावून आणि काढून, दोन्ही वेळा तेराच. तुम्ही या. उमलली की मुलाला व्हिडिओवर दाखवणार आहे. तो म्हणतो, बाबा, आईच्या झाडाचा फोटो नको, हलतं दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालतच गेले. वाटेत मी दुसरं खोटं तयार करत होते. आमच्या धंद्यात ते तयारच असतं. पाणी बदललं की रंग बदलतो, ऊन कमी पडलं की फिका येतो. गिऱ्हाइकाला हे पटतं. थोडंफार खरंही असतं, म्हणून जास्तच पटतं. दारावरची बेल वाजवेपर्यंत माझं वाक्य जुळून झालं होतं.

काका झाडाजवळ घेऊन गेले. कळ्या फुगल्या होत्या. एकीचं टोक किंचित उघडलं होतं आणि आतलं पांढरं दिसत होतं.

त्यांनाही ते दिसलं होतं. म्हणाले, "रंग फिका वाटतोय, नाही? मागच्या वर्षापासून सोसायटीत टँकर जास्त येतात. मी फिल्टरचं घालतो, पण सवय मोडली असेल. पाण्यानंच ना, वहिनी?"

माझं वाक्य त्यांनीच बोलून दाखवलं. मला फक्त मान हलवायची होती.

मी म्हणाले, "काका, बसा जरा."

"का? रोग आहे काही?"

"बसा."

ते बसले. मी उभ्यानंच सांगितलं. बरणी, चौदा दिवस, साखळी. अरुणच्या दिवसांचं कारण पुढे न करता सांगायचं ठरवलं होतं, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नव्हतं. काका जमिनीकडे बघत होते. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला. उठून गॅस बंद करून ते परत येऊन बसले.

"ते कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कुठलं?"

"माझं. मेलेलं."

"टाकलं मी."

"कुठे?"

मला वाटलं, हे तरी विचारू नये त्यांनी. "ओल्या कचऱ्यात," मी म्हणाले.

काका ज्या आवाजात पेपर वाचायचे त्याच आवाजात, कुठेही न चढता, म्हणाले, "शैलाला हॉस्पिटलवाल्यांनी बांधूनच गाडीत ठेवलं. मी म्हटलं, तोंड बघू द्या. म्हणाले, नियम नाही. लांबून बघा. लांबून काय बघायचं? नुसतं प्लास्टिक. ती होती का दुसरं कुणी होतं, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही." मग म्हणाले, "नियम तुमचाही बरोबर असेल. पण मला दाखवायचं होतंत, वहिनी. मेलेलं असतं तरी हातात घेतलं असतं मी. दोनदा झालं हे माझ्याबाबतीत."

 

त्यांनी उठून ग्रीलमधून झाड काढलं, साखळी सोडवली आणि टेबलावर ठेवली. झाड कालच्या पेपरात गुंडाळलं, कळ्यांना धक्का लागू नये म्हणून वरचा भाग उघडा ठेवला. "हे अरुणरावांच्या हातचं आहे. तुमच्या घरी असायला हवं. मी कुणाचं म्हणून बघत बसू याच्याकडे?"

"काका, तुम्ही वाढवलंत ते."

"वाढवलं. पण तिचं म्हणून."

मी झाड घेऊन निघाले. दारापर्यंत ते सोडायला आले, कारण ते त्यांच्या रीतीत होतं. घरी येऊन ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलं. पाच दिवसांनी उमललं. तेरा फुलं, पांढरी. अरुण असता तर त्यानं भिंग घेऊन सगळ्या इमारतीला बोलावलं असतं. मी रोज पाणी घातलं आणि जवळ जाऊन वास घेतला नाही.

काकांना मी फोन केला नाही. माफी मी त्या दिवशी निघताना दारातच मागितली होती. आणखी मागणं म्हणजे, माझं समाधान करा, असं त्यांना सांगण्यासारखं झालं असतं. गच्चीवरचं काम चालू राहिलं. अरुणचं युनिट भाड्यानं गेलं, तिथे आता कुणीतरी मोबाइलची कव्हरं बनवतो. झाडं मी स्वतः बांधायला शिकले. पहिली सहा वाकडी झाली. मावशी म्हणाल्या, "चालतंय. झाड सरळ होतंय आपोआप, माणूस न्हाय होत."

गणपती होऊन गेल्यानंतरच्या एका सकाळी जिन्यात पावलं वाजली. थांबत थांबत कुणीतरी चढत होतं. कदमकाका वर आले. ते गच्चीवर पूर्वी कधी आले नव्हते, खालच्या युनिटमध्येच झाड द्यायचे-घ्यायचे. मावशींनी स्टूल दिलं. दम खाईपर्यंत ते जाळीखालच्या ओळी बघत राहिले. मी चहाचं विचारलं, नको म्हणाले. का आलात, असं मी विचारलं नाही.

"एवढी सगळी दुसऱ्यांची?" त्यांनी विचारलं.

"अर्धी. सणाला गावी गेलेत, अजून परतायचेत."

मी काम करत राहिले. ते एकेका झाडासमोर थांबत होते, हात पाठीमागे बांधून. मुळांच्या रंगावरून कुठल्याला आज पाणी मिळालं आणि कुठल्याला नाही ते ओळखत होते, आणि बरोबर ओळखत होते. कोपऱ्यातल्या एका झाडाजवळ मात्र ते बराच वेळ थांबले.

"याला काय झालंय?"

मानसीचं होतं ते. ही मुलगी हाटकेशमध्येच भाड्यानं राहते, अंधेरीला नोकरी करते. वडील गेल्यावर त्यांच्या खोलीतलं हे झाड तिनं आणलं होतं. प्रवासात मार लागला होता आणि पावसाळ्यात कोंबाला काळं लागलं. मी काळा भाग कापला होता, दालचिनीची पूड लावली होती, वाऱ्याला टांगलं होतं. करण्यासारखं करून झालं होतं. कापलेल्या जागेच्या खाली पुन्हा काळं दिसत होतं.

"जाणार," मी म्हणाले.

"किती दिवस?"

"आठ. फार तर दहा. पानं हिरवी राहतील तोवर."

"तिला माहीत आहे?"

"अजून सांगितलं नाही. बघते, बाजूनं फूट आली तर…" मी वाक्य सोडून दिलं. फूट येणार नव्हती. ते मला माहीत होतं आणि माझा आवाज ऐकून त्यांनाही कळलं असावं.

काका झाडाकडेच बघत म्हणाले, "फोन करा तिला."

"रविवारी करते. ती कामावर असेल आता."

"आत्ता करा, वहिनी. अजून आहे तोवर बोलवा."

मी हात पुसले आणि फोन घेतला. तीन-चार रिंग झाल्या. मागे ऑफिसातले आवाज येत होते. "बोला ना काकी," मानसी म्हणाली. काकांनी स्टूल उचलून त्या झाडासमोर नेऊन ठेवलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले.

मी म्हणाले, "मानसी, तुझं झाड जातंय. बघायला येतेस?"